बाबांना पटवताना

धान कापून त्याच्या कडपा शेतातल्या बांधीत पडल्या होत्या. बाबा धुऱ्याच्या बांधाआड लघवीला बसून उठले. थोड्या वेळाने मी तिथून गेलो, तर वाळक्या गवतावर लाल डाग. पान थुंकले म्हणावं तर बाबा पान खात नसत. त्यांची ओढ बिडीची.

संध्याकाळी घरी विचारलं तेव्हा सहज म्हणाले, "उन्हाळी लागली असंन."

"हिवाळ्यात?"

"लागते एखांद्या वेळी. दुखत-गिखत नाही. तू काहून बोंबलून राहिला?"

आईला खोदून खोदून विचारलं. पावसाळ्यातल्या रोवणीपासून हे चालू होतं. ती धने भिजवलेलं पाणी देत होती, आणि दुखत नाही म्हणजे रोग नाही, यावर दोघांचं एकमत होतं. मी भडकलो. मी प्राथमिक शाळेतला मास्तर. भडकलो की प्रश्न मीच विचारतो आणि उत्तरही मीच देतो. रक्त जाणं चांगलं का? नाही. मग दवाखान्यात जायचं का? जायचं. बाबा बिडी ओढत ऐकत राहिले.

शेवटी मी आवाज मऊ केला. "भंडाऱ्याले जाऊ, बाबा. नुसतं तपासून घेऊ. संध्याकाळच्या गाडीनं वापस."

बाबांनी शेजारच्या घराकडे मान केली. "त्यालेबी असाच म्हनला होता तू."

आणीबाणीच्या वर्षी आम्हा मास्तरांना नसबंदीच्या केसेस आणायला लावलं होतं. नाही आणल्या तर पगार थांबायचा, बदली व्हायची. माझी जीभ गोड, गावात मान, सुरुवातीला काही जड गेलं नाही. शेवटची एक केस मात्र मिळेना. आमचा शेजारी माझ्याच वयाचा, बाबांसोबत शेतात राबणारा, दोन मुलींचा बाप. त्याला खोकला होता. मी त्याला म्हणालो, शिबिरात छाती तपासतात, चल, दुपारपर्यंत परत येऊ. तो माझ्या सायकलवर मागे बसून आला. कागदावर अंगठाही त्याने माझ्याच सांगण्यावरून उठवला. दुसऱ्या दिवशी तो बैलगाडीत आडवा होऊन घरी पोचला. त्याची बायको आमच्या अंगणात येऊन रडली. त्याने मात्र मला एका शब्दाने विचारलं नाही. बाबांनीही नाही. मला वाटलं होतं, विसरले.

"तुमची कोन कायले करन नसबंदी? या वयात?" मी म्हणालो.

"तुह्या वहीत एक नाव तं लागंन ना."

"आता ते सारं बंद झालं, बाबा. सरकार बदललं."

"सरकार बदललं. तू तं तोच हायेस."

त्यानंतर मी काय काय नाही केलं! रागावलो, पाया पडलो, दोन दिवस जेवलो नाही. पण मी जितकं समजावून सांगे, तितके ते सावध होत. कोणी गोड बोलायला लागलं की त्यात काहीतरी डाव आहे, असं त्यांनी धरून ठेवलं होतं, आणि हे त्यांना मीच शिकवलं होतं. वर्गात मुलांना काही पटवून देताना माझा आवाज मलाच नकोसा व्हायचा. इकडे बाबांचं धोतर कमरेवर ठरेना. आई निमूटपणे धने भिजवत होती.

फाल्गुनात एका सकाळी त्यांची लघवीच अडली. पोट फुगून टणक झालं. खाट धरून कण्हत होते, तरी दवाखाना म्हटलं की मान हलवत होते. आवाज ऐकून शेजारी आला. माझ्याकडे न बघता तो बाबांच्या उशाशी बसला.

"चला काका. मी येतो संगं. तेथी दारात उभा राह्यतो. कोनी काही करन तं मले आवाज देजा."

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि उठले. चार महिने मी डोकं आपटत होतो, त्याला एक मिनिटही लागलं नाही. मला त्याचा हेवा वाटला आणि हेवा वाटला म्हणून स्वतःची किळस आली.

भंडाऱ्याला नळी घालून लघवी काढली आणि पुढे नागपूरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी मला एकट्यालाच आत घेतलं. लघवीच्या पिशवीत गाठ होती आणि ती बाहेर पसरली होती. कापून आता उपयोग नव्हता.

"रक्त केव्हापासून जातंय?"

"रोवणीपासून."

"मग तेव्हा आणायला काय झालं होतं?" ते खेकसले. काय झालं होतं ते त्यांना कुठून सांगणार?

परतताना एसटीत बाबा खिडकीशी, मध्ये शेजारी आणि कडेला मी. कारध्याच्या पुलावर गाडी हळू झाली तेव्हा बाबा पुढे वाकले.

"का म्हने डॉक्टर?"

"काही नाही म्हने. औषध देल्लं. महिनाभरात बरं होते."

बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. आता हे खोटं पकडतील असं वाटलं, आणि खरं तर पकडावं असंही वाटलं. एवढ्या महिन्यांत मी त्यांच्याशी बोललेलं पहिलं खोटं ते हेच होतं. पण त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांना पटलं होतं.

"मास्तर हाये माहा पोरगा," ते शेजाऱ्याला म्हणाले. "त्याले सारं समजते."

"हो काका," शेजारी म्हणाला.