नववीच्या वर्गातलं एक उत्तर

गल्लीतल्या वर्कशॉपातून गरम रबराचा वास आला, की मला कासारवाडीच्या शाळेतला नववीचा वर्ग आठवतो. इतिहासाच्या बाई म्हणाल्या होत्या, "काका, पोरांना तुमच्या कंपनीतल्या संपाचं सांगा, पुस्तकात दोनच ओळी आहेत." मी चौथी शिकलेला, फळ्यापुढं पहिल्यांदाच उभा राहिलो. मला धीर यावा म्हणून बायको मागच्या बाकावर बसली होती. गेट, घोषणा, लाठ्या, सगळं सांगून झालं, तेवढ्यात एका पोरीनं विचारलं, "आजोबा, संपात घर कुणी चालवलं?" बायकोनं आठ महिने त्या वर्कशॉपातले रबरी वायसर घरी आणून, ब्लेडनं त्यांच्या कडा साफ करून पैसे मिळवले होते, बोटं कापून घेत. पण बायकोच्या जिवावर जगलो हे पोरांपुढं सांगायची लाज वाटली. म्हणालो, "युनियननं." पोरांनी माना खाली घालून ते लिहून घेतलं. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "चांगलं बोललात की. पण युनियनची बोटं कधी कापली हो?" यंदा ती गेली. तेराव्यानंतर मी शाळेत जाऊन बाईंना म्हणालो, पोरांना तेवढं उत्तर खोडायला सांगा. बाई म्हणाल्या, "काका, ती पोरं कधीच पास होऊन गेली."