पानावर आडवा धरलेला हात

मॉरिशसमधल्या ग्रां बुआ या आमच्या गावात माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न झालं, त्याच्या थोडं आधी साखर कारखान्याने ऊसतोड कामगारांचा संप मोडून काढला होता. मी तेव्हा अठरा वर्षांचा. सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं वाचून मी बोलायला आणि चिडायला शिकलो होतो. आम्ही सात मित्रांनी शपथ घेतली होती, की कारखान्याकडून आलेली कसलीही भेट स्वीकारायची नाही.

लग्नाआधी कारखान्याच्या सरदाराने, म्हणजे मजुरांवरच्या मुकादमाने, साखरेचं पोतं घरी पाठवलं. बाबांनी ठेवून घेतलं. मी दात-ओठ खाल्ले आणि घराबाहेर पडलो.

त्यातलीच साखर आतेकडे गेली. आते ही बाबांची विधवा बहीण, जन्मभर ऊस तोडलेली. लग्नातल्या कुठल्याच विधीला तिला हात लावू देत नसत. हळदीच्या वेळी ती दाराआड उभी राहायची. पण फ्रिसितेर या अंबाड्यासारख्या फळाची आंबटगोड चटणी तिची. तिच्या आईपासूनचा रिवाज होता, की जिने चटणी केली तिनेच ती पंगतीत वाढायची आणि कुणी नको म्हणायचं नाही. तेवढाच वेळ आते मांडवात सगळ्यांसमोर ताठ चालायची.

सकाळपासून ती परसात चुलीपाशी होती. फ्रिसितेरची हिरवी फळं सोलायची, गर कापायचा, धाग्यांनी भरलेल्या कोयी मात्र टाकायच्या नाहीत, पाहुण्यांना चोखायला ठेवायच्या. तेलात मोहरी, सुकी मिरची, मग फळ, आणि फळ मऊ झाल्यावरच साखर. आधी घातली तर फळ कडकच राहतं, असं ती म्हणायची.

"काय रे लीडर, आज भाषण नाही? ये, कोय चोखून सांग, आंबट राहिलं का."

"काम आहे, आते."

"असणारच. सगळ्या मॉरिशसचं काम तुझ्याच डोक्यावर."

बाकीच्या बायका हसल्या. मी पोत्याकडे पाहत निघून गेलो.

दुपारी बांबूच्या मांडवात पंगत बसली. केळीच्या पानांवर पुऱ्या आणि सात भाज्या वाढून झाल्या, तशी आते भांडं घेऊन आली. धुतलेलं पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. माझ्यापाशी आली तेव्हा मी पानावर हात आडवा धरला.

"मो पा पू मांज सा," मी मोठ्याने म्हणालो. मी हे खाणार नाही, असं मुद्दाम क्रिओलमध्ये सांगितलं, म्हणजे पलीकडच्या शेजाऱ्यांनाही कळावं. "ही कारखान्याची साखर आहे."

माझ्या शेजारच्या सहाही मित्रांनी पानं झाकली.

आतेची पळी तशीच वर राहिली. "अरे, ऊस तर मीच तोडलाय ना?" ती हळूच म्हणाली.

तरी मी हात काढला नाही. पलीकडून वराचे काका ओरडले, "बाई, इकडे आणा! त्यांचा वाटा आम्हाला!" लोक हसले. आतेने भांडं माझ्या मावशीच्या हातात दिलं आणि ती परसात गेली.

पोतं बाबांनी घेतलं होतं. बाबा दहा हातांवर उभे होते. त्यांना मी एक शब्द बोललो नाही. भांडण मालकाशी होतं, राग बाबांवर होता, आणि शूर झालो मी अशा बाईसमोर, जी मला उलट बोलणार नव्हती. याला मी तेव्हा तत्त्व म्हणत होतो.

पुढच्या महिन्यात आतेकडे माफी मागायला गेलो. "खाण्यावरून कसली माफी? बस, चहा घे," म्हणाली आणि कोबीला लागलेल्या किडीबद्दल बोलत राहिली.

नंतर माझ्या चुलतभावाचं लग्न झालं. चटणी तिनेच केली, वाढायला मात्र दुसऱ्या बाईला दिली. मी परसात जाऊन म्हणालो, "आते, तू वाढ ना. मी पहिल्या पंगतीत बसतो."

"गुडघे दुखतात रे आता."

एवढं बोलून तिने पाण्याने भरलेला हंडा उचलला, कमरेवर घेतला आणि भराभर चालत चुलीकडे गेली. मांडवात कुणीतरी माझ्या पानावर चटणी वाढली. मी ती सगळी खाल्ली. ते पाहायला आते तिथे नव्हती.