सणसवाडी ओलांडली का?

आक्का गेली त्या सकाळी शिरूरजवळच्या तिच्या अंगणात माणसं जमली आणि लगेच कुणीतरी मोबाइल काढला. माझ्या या थोरल्या बहिणीची एकुलती मुलगी, मंदा, दिल्लीत नोकरीला. भावकीतल्या एकानं मोठ्यानं वाचलं, "दिल्ली ते पुणे, अकराशे-बाराशे किलोमीटर, दोन तास धा मिन्टं. मंग काय, जेवायच्या टायमाला पोरगी हितं!" सगळ्यांनी माना डोलावल्या. केडगावहून नुकत्याच पोचलेल्या मीही.

आक्का असती तर हसली असती. मंदा येणार असली की मी फोन करायचो, "निघाली गं, दोन तासांत पुण्यात." आक्का म्हणायची, "इमानाचं मला नगं सांगू. सणसवाडी वलांडली का, त्ये सांग. तवर मी तवा ठिवत न्हाई." एकदा तिनं विमानाच्या वेळेवर भाकऱ्या थापल्या होत्या. मंदा पुणे-शिरूर रस्त्यावरच्या सणसवाडीत, कंपन्या सुटल्याच्या गर्दीत अडकली. "पोरीला गार भाकर घातली," हे आक्का वर्षानुवर्षं उगाळत राहिली. तेव्हापासून मंदा तिथूनच फोन करायची, "आई, वलांडली," आणि मग इकडं चूल पेटायची.

त्या दिवशी मंदाला सकाळच्या विमानात जागा मिळाली नाही. दुपारचं मिळालं, तेही उशिरा सुटलं. विमानतळावरून तिनं मला फोन केला, "मामा, मी येतेय. आईला नेऊ नका." अंगणात मात्र कुजबुज सुरू झाली होती. "दोन तासाचं इमान, आन् अजून पत्ता न्हाई. तिला यायचंच न्हाई." शेवटी एकजण माझ्याकडं वळला, "आप्पा, दिस मावळायच्या आत उरकाया पायजे. तुम्ही बोला." मंदाचा फोन आल्याचं मी सांगितलं नाही. म्हणालो, "उचला."

चिता पेटल्यावर, नातेवाइकांना कळवायला मी सकाळी खिशात टाकलेला आक्काचा फोन वाजला. मी उचलला. "सणसवाडी वलांडली..." मंदा म्हणाली. सवयीनं तिनं आईचाच नंबर लावला होता.

तेव्हापासून गाव म्हणतंय, पोरीला आईसाठी दोन तास मिळाले नाहीत. दहाव्यालाही हेच ऐकलं, आणि मी खाली मान घालून बसलो. आता नाही. मंदा उशिरा आली नाही. आम्ही लवकर निघालो, आणि "उचला" मी म्हणालो. ज्याला बोट दाखवायचंय त्यानं केडगावला यावं, मी घरीच असतो. त्या पोरीकडं मात्र कुणी दाखवायचं नाही.

परवा फोनवर ती म्हणाली, "मामा, आता शिरूरला कशाला येऊ?" मी म्हणालो, "ये. आईचं घर आहे. कोण काय बोलतो ते मी बघतो." ती येणार आहे. आक्काचा तवा अजून चुलीमागं भिंतीला टेकून उभा आहे, तिनं ठेवला तसाच. या वयात मी इथं केडगावला भाकरी थापायला शिकतोय. वाकड्या होतात, कडेला फाटतात... होऊ देत. गार मात्र होणार नाहीत. सणसवाडी ओलांडल्याचा फोन आल्याशिवाय मी तवा ठेवणार नाही.