ओपलची पुढची खुर्ची

टर्की फोर्कच्या तलावावर एप्रिलच्या पहिल्या शनिवारी नवरा-बायकोंची बास मासे धरायची स्पर्धा असते. पाच मासे, तेही जिवंत. ज्यांच्या माशांचं वजन जास्त ते जोडपं जिंकलं. ओपल सिस्क लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून या स्पर्धेला जायची आणि दर वर्षी बोटीत मागच्या खुर्चीवर बसायची. पुढची खुर्ची तिच्या नवऱ्याची, व्हर्लनची. पुढच्याच्या पायाखाली लहान मोटर असते, त्या मोटरने बोट काठाकाठाने सरकवायची. कुठल्या पाण्यात जायचं तेही पुढच्यानेच ठरवायचं. नवरा पुढे, बायको मागे: आमच्या अलाबामातल्या या कोपऱ्यात हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, आणि कुणी मोडतही नाही.

ओपल शाळेच्या स्वयंपाकघरात आख्ख्या शाळेची बिस्किटं भाजायची. एक करपू द्यायची नाही, आणि एक पोरगं उपाशी जाऊ द्यायची नाही. इतकी वर्षं ती मागे का बसली, असं तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

व्हर्लन गढूळ पाण्याचा माणूस. गढुळात माशाला दिसत नाही, तो बुडालेल्या खोडाला चिकटून बसतो; त्याच्या नाकासमोर जाडजूड काळं आमिष धप्पकन टाकलं की काम झालं. ओपलचा जीव मात्र धरणाजवळच्या नितळ पाण्यात. तिथे तुम्हाला मासा दिसायच्या आधी मासा तुम्हाला बघतो. बारीक दोरा लागतो, लांब फेक लागते आणि तोंड बंद ठेवावं लागतं. या शेवटच्या गोष्टीपायी व्हर्लन तिकडे कधी फिरकलाच नाही.

यंदा त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पायाने मोटर चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. झालं, ओपल पुढे आणि व्हर्लन मागे. धक्क्यावर सगळ्यांची करमणूक झाली.

"काय व्हर्लन, माल वाहून नेतेय वाटतं बायको?" शेजारच्या बोटीतून बर्ल म्हणाला.

"माल जड आहे, पण काय करणार," ओपल म्हणाली.

रात्री पाऊस झाला होता. ओढ्यांच्या तोंडाशी पाणी चहासारखं झालं होतं, आणि निम्म्याहून जास्त बोटी तिकडेच सुटल्या. ओपलने बोट धरणाकडे वळवली.

"अगं, इतकं सुरेख गढूळ पाणी सोडून कुठे निघालीस?"

"नितळात."

"ओपल, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"दुपारी बारापर्यंत पाच मासे बोटीतल्या टाकीत पडले नाहीत, तर जाऊ तुझ्या चिखलात. आणि मी पुन्हा पुढे बसायचं नाव काढणार नाही. कधीच."

व्हर्लनला सौदा फारच आवडला. त्याने खुशीत उकडलेल्या शेंगांची पिशवी उघडली.

धरणापाशी तळाचे गोटे दिसत होते. ओपल उभी राहून लांबवर गळ टाकत होती आणि हलक्या पायाने बोट सरकवत होती. तासाभरात पहिला मासा आला, मग दुसरा. व्हर्लनही मागून गळ टाकत होता, पण जिथे टाकावा तिथून बोट आधीच गेलेली आणि मासे पांगलेले. त्याने आमिष बदललं. दोरा बदलला. शेवटी टोपीसुद्धा बदलली.

ओपलचा चौथा मासा टाकीत पडला तेव्हा बाराला थोडाच वेळ होता. व्हर्लनच्या गळाला सकाळपासून काही शिवलं नव्हतं. शेंगा केव्हाच संपल्या होत्या.

"ओपल."

"हं?"

"इथे बसून इतकी वर्षं तू कुठले मासे धरत होतीस?"

ती गळाचा दोरा गुंडाळत राहिली. "तू सोडलेले."

मग बारा वाजले. ओपलने गळाची काठी खाली ठेवली, कारण ती दिल्या शब्दाची बाई होती, आणि मोठी मोटर सुरू करायला वळली. तिचा चेहरा पडला होता आणि तिने तो लपवला नाही.

"राहू दे," व्हर्लन म्हणाला.

"बारा वाजले. ठरलं होतं आपलं."

"मी घड्याळ बघितलं नाही. काठी उचल."

ओपलने त्याच्याकडे जरा बघितलं. मग तिने पायाने मोटर दाबली आणि बोट काठाला समांतर, आडवी केली. आता दोन्ही खुर्च्यांसमोर कुणी न ढवळलेलं पाणी होतं. तिने गळ टाकला नाही, त्याच्या फेकीची वाट बघत थांबली.

व्हर्लन त्या पाण्याकडे बघत राहिला.

"अशी आडवी करता येते?" त्याने हळूच विचारलं.

"पहिल्यापासून येते."

त्याला फार वाईट वाटलं. ते त्याच्या मानेवर दिसत होतं, कानापर्यंत लाल झाली होती. त्याने दोरा लांब फेकला, तोंड मिटून बसला, आणि बऱ्याच वेळाने पाचवा मासा त्याच्याच गळाला लागला. जाळं ओपलने धरलं.

तिसरा नंबर आला. बक्षीस म्हणून एक भलं मोठं हॅम, डुकराची खारवलेली तंगडी, मिळालं. वजनकाट्यापाशी बर्लने विचारलं, "काय रे, ओढ्याला होतात की धरणाला?"

"मला काय विचारतोस?" व्हर्लन म्हणाला. "पुढे जी बसते, तिला विचार."

पुढच्या एप्रिलपर्यंत त्याचा गुडघा ठणठणीत झाला. धक्क्यावर तो ओपलच्या आधी बोटीत चढला, पुढच्या खुर्चीला वळसा घालून मागे गेला आणि शेंगांची पिशवी उघडून बसला.