चटईच्या उंचीवरून

करोल बागेतून आणलेली नवी चटई उलगडली आणि गवताच्या त्या वासाने मी दिल्लीतल्याच आर. के. पुरमच्या एका सरकारी क्वार्टरमध्ये पोचले. तिथे अशीच चटई अंथरून आम्ही टीव्हीसाठी एक रहस्यमालिका चित्रित करत होतो. दिग्दर्शक मी होते. फिल्म सोसायटीत पाहिलेले जुने जपानी सिनेमे माझ्या अंगात भिनले होते, म्हणून मी कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेइतका खाली लावला होता. दृश्यात नवऱ्याचा खून झालेली बाई सवयीने दोन कप चहा ओतते आणि दुसऱ्या कपाकडे बघत बसते. बराच वेळ कुणीच बोलत नाही.

निर्माते वैतागले. "मॅडम, ये जासूसी सीरियल है. लोग सो जाएँगे. इसे काटिए."

"नहीं काटूँगी. काटना है तो मेरा नाम भी काट दीजिए."

कॅमेरामन सदाशिव हळूच म्हणाला, "ताई, काम जाईल हातचं."

"जाऊ दे. तू कॅमेरा हलवू नकोस."

दृश्य तसंच दाखवलं गेलं. निर्मात्यांनी मला पुन्हा कधी बोलावलं नाही. तेव्हा वाटायचं, आपण सिनेमासाठी भांडलो. आता घरात एकटी राहते, तेव्हा कळतं, ती शांतता त्या बाईच्या हक्काची होती. आज कुणी सांगितलं तरी मी ती कापणार नाही.