डेटा, डेटे आणि आमचे सर

आमच्या हिंगणीत दाण्याचे दाणे, फाट्याचे फाटे, पोट्ट्याचे पोट्टे. अनेकवचन करायला कुणाला विचारावं लागत नसे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वर्ध्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सरांनी विचारलं, "कॉम्प्युटरमध्ये आपण काय भरतो?" मी ताडकन उठून सांगितलं, "डेटे!"

वर्ग खदखदून हसला. तेव्हा आलेला राग अजून पुरता जिरलेला नाही. "हसून काय राह्यले? फाट्याचे फाटे होते, तं डेट्याचे डेटे काऊन नाई होत?"

सर हसले नाहीत. चुकीच्या अनेकवचनानं त्यांना हसू येतच नसे, पित्त उठे. त्यांनी फळ्यावर लिहिलं: एक असेल तर डेटम, अनेक म्हणजे डेटा. इंडेक्सचं इंडायसेस, मॅट्रिक्सचं मॅट्रिसेस. "लॅटिनच्या घरचे शब्द आहेत. त्यांना त्यांच्या घरच्या रीतीनं वागवायचं." कुणी 'इंडेक्सेस' म्हटलं की सर वाक्य पुरं होऊ द्यायचे नाहीत. क्लासच्या अध्यक्षांनाही त्यांनी भर कार्यक्रमात टोकलं होतं.

कॉम्प्युटर एकच, तोही एसीच्या खोलीत. देवळात जावं तसं चपला बाहेर काढून आम्ही आत जायचो. ती खोली मला फार आवडायची.

कोर्स संपत आला तेव्हा क्लासला शिकवण्यासाठी एक मदतनीस हवी होती. मी अर्ज केला. बाबा शेतकरी आणि एकवचनी. ते म्हणाले, "नोकरी लागली तं जाजो रोज वर्ध्याले. नाई लागली तं हे कॉम्प्युटर-फिम्प्युटर बंद. पोरगं पाहू." त्यांनी स्थळ हेरूनही ठेवलं होतं. मला लग्नाचं वावडं नव्हतं, पण त्या खोलीतून निघायचं नव्हतं.

मुलाखतीला अध्यक्ष, नागपूरहून आलेले एक साहेब आणि बाजूच्या खुर्चीवर आमचे सर. साहेबांनी विचारलं, "शाळेचा निकाल कॉम्प्युटरवर कसा लावायचा, नव्या मुलांना समजावून सांगा."

"आधी प्रत्येक मुलाचे मार्क घ्यायचे. मग हे सगळे डेटे..."

जीभ घसरली ती घसरलीच. साहेबांनी तोंडाला रुमाल लावला. "काय म्हणालात? डेटे?"

सरांची खुर्ची करकरली आणि मी मनात म्हटलं, झालं. आता हे टोकणार आणि मी हिंगणीला परत.

"हं," सर म्हणाले, "मग त्या डेट्यांचं पुढे काय करायचं?"

चेहरा असा, जणू जन्मापासून ते डेटेच म्हणत आले होते. साहेबांनी रुमाल मुकाट्यानं खिशात घातला. मी पुढे सांगू लागले आणि अख्ख्या शाळेचा निकाल लावूनच थांबले.

नोकरी मिळाली. बाहेर सरांच्या पाया पडायला वाकले, तर ते वरून म्हणाले, "डेटा. पुन्हा डेटे म्हणालीस तर खबरदार."

पुढे कित्येक वर्षं मी त्याच खोलीत शिकवलं आणि मुलांची अनेकवचनं सरांइतकीच कडकपणे तपासली. सरांचे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत. त्यांना अनेकवचन चुकताना मी उभ्या जन्मात एकदाच ऐकलं, तेही माझ्यासाठी.