हौसाच्या गळ्यातलं बीळ

गेल्या सोमवारी सकाळी मी आणि हौसानं मिळून एका गवळ्याच्या काखेतलं गळू फोडलं. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. तिनं नेहमीसारखं पितळी पातेल्यात लँसेट उकळून दिलं. लँसेट म्हणजे गळू फोडायचं बारीक पातं. गवळी आधीच बोंबलायला लागला. हौसा म्हणाली, "म्हशीनं लाथ मारली तवा तरी इतकं वरडला व्हतास का रं?" तो हसला. तेवढ्यात मी पातं मारलं. तिनं पू पुसला, पट्टीचं टोक धरलं आणि चुलीपाशी गेली. दुपारी भाकरी थापताना तिच्या छातीत कळ आली. दिवेलागणीच्या आत संपली.

बायकांनी तिला हळदकुंकू लावलं, डोरलं सरळ केलं. तेव्हा गळ्यावरची आडवी रेघ उघडी पडली. सून म्हणाली, "मामंजी, आत्याबाईंच्या गळ्याला हे काय झालतं?" चार वर्षं घरात आहे, तिला माहीत नव्हतं. म्हणून लिहितो. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चुकलं तर चुकलं.

मी लोणावळ्याच्या एका दवाखान्यात ड्रेसर होतो. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा. कापायचं काम डॉक्टरांचं. पण डॉक्टर एक आणि गळवं ढीगभर. ते म्हणायचे, "म्हादू, तेवढं बघ." मी बघायचो. हळूहळू हात बसला. हात बसला की डोक्यात हवा जाते. माझ्याही गेली.

पहिली जर्मन लढाई संपून काही वर्षं झाली होती. हौसा पंचविशीची. तिच्या गळ्याच्या मधोमध, हनुवटी आणि घाटी म्हणजे कंठमणी यांच्यामध्ये, बोराएवढी गाठ होती. लग्नाच्या आधीपासूनची. दुखत नव्हती, गळ्याशी घट्ट बसणाऱ्या डोरल्याखाली झाकली जायची. त्या दिवाळीत तिचा घसा धरला, ताप आला आणि चार दिवसांत बोराचं लिंबू झालं. लाल, गरम. आवंढा गिळताना डोळ्यांत पाणी यायचं.

मी बोटानं चाचपलं. आत लिबलिबत होतं. म्हटलं, गळू. मळवलीला आमच्या ओसरीत बसवून फोडलं. कुणाला विचारलं नाही. पू आला, तिला आराम पडला. मी मिशीला पीळ दिला.

जखम भरली, पण टाचणीच्या टोकाएवढं भोक राहिलं. त्यातून अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं चिकट पाणी यायचं. भोक बुजलं की गाठ फुगायची. फुगली की ताप. मी दुसऱ्यांदा कापलं. शिमग्याच्या सुमारास तिसऱ्यांदा. तेव्हा मात्र मनात पाल चुकचुकली. पुन्हा पुन्हा वाहणाऱ्या गाठीला आमच्याकडं एकच नाव, गंडमाळ. म्हणजे मानेच्या गाठींचा क्षय.

आईनं विचारलं, "म्हादू, ही लागट हाय का रं?"

मी म्हटलं, "आसंल."

एवढा एकच शब्द. दुसऱ्या दिवसापासून हौसाचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. चार वर्षांची आमची सुंदरा आजीपाशी निजायला लागली. आई म्हणाली, "आखातीचा सण झाला की हिला म्हायेरी पोचवू." पोचवायची म्हणजे परत आणायची नाही, हे घरात सगळ्यांना कळत होतं. हौसा भांडली नाही. एवढंच म्हणाली, "पोरगी निजताना माजं नाव घेऊन रडती. तुमाला आयकू येतं का?"

येत होतं.

पुण्याचे एक सर्जन तेव्हा महिन्यातून एकदा दवाखान्यात यायचे. विलायतेला शिकून आलेले, तापट. मी हौसाला सकाळच्या गाडीनं लोणावळ्याला नेलं. ड्रेसरनं हुकमाशिवाय कापलं असं कळलं तर माझी नोकरी जाणार होती. हे तिलाही ठाऊक होतं. गाडीतून उतरताना ती म्हणाली, "इचारलं तर सांगू, आपआप फुटली."

साहेबांनी तिला उजेडाकडं तोंड करून बसवलं. "बाई, आवंढा गिळा." गाठ वर गेली. "आता तोंड उघडा आणि जीभ बाहेर काढा. जेवढी निघेल तेवढी."

हौसानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "सायब, सासूला बी कदी दावली न्हाई."

"सासूचं नशीब. मला दाखवा."

तिनं डोळे मिटून जीभ काढली. जीभ बाहेर आली तशी गळ्यातली गाठ वर सरकली. जीभ आत, गाठ खाली. दोरी बांधल्यासारखी. साहेबांनी मला जवळ बोलावून पुन्हा दाखवलं. मी तीनदा कापलं होतं. जीभ काढ म्हणून एकदाही सांगितलं नव्हतं.

"ही गंडमाळ नाही," साहेब म्हणाले. "गंडमाळ जिभेबरोबर हलत नाही. ही कापली कुणी?"

"आपआप फुटली," हौसा म्हणाली.

"आपोआप फुटलेलं गळू पट्टीनं रेघ मारल्यासारखं फुटत नाही, बाई. इथं तीन रेघा आहेत. हात चांगला आहे. कुणाचा?"

हौसानं माझा पाय दाबला. मी म्हटलं, "माजा, सायब."

"चौथ्यांदा काय करणार होतास?"

"म्हायेरी धाडनार व्हतो."

साहेबांनी भांड्यात हात धुतले. मग म्हणाले, "तुझ्या नोकरीचं नंतर बघू. आधी समजून घे."

त्यांनी सांगितलं ते मला कळलं तसं लिहितो. माणसाच्या गळ्यात पुढच्या बाजूला थायरॉईड नावाची ग्रंथी असते. मूल आईच्या पोटात असताना ती जिभेच्या मुळापाशी तयार होते आणि तिथून खाली गळ्यात उतरते. उतरल्यावर तिची वाट बुजून जाते. एखाद्याची बुजत नाही. राहिलेल्या वाटेत पाणी साठून पिशवी होते. तिला सिस्ट म्हणतात. बहुतेकांची लहानपणीच दिसते, काहींची मोठेपणी. पडसं-घसा झाला की ती पिकते. नुसती फोडली तर वाहत राहते, कारण वाट आत तशीच असते.

हौसा ऐकत होती. एकदम म्हणाली, "म्हंजी खेकड्याचं बीळ की वो."

साहेबांना कळलं नाही. मला लगेच कळलं. भाताच्या खाचराच्या बांधाला खेकडा बीळ पाडतो, त्यातून पाणी जातं. बिळाच्या तोंडाला चिखल लिंपला तर दोन दिवस थांबतं, मग शेजारून फुटतं. बीळ शेवटापर्यंत उकरायचं आणि मग भरायचं, हे मावळात शेंबडं पोरही सांगेल. मी खाचरात वाढलेला माणूस. बायकोच्या गळ्याला तीनदा चिखल लिंपला होता.

साहेबांना समजावून सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. "बरोबर. आणि हे बीळ हाडाला चिकटून जातं. जिभेच्या मुळाशी घोड्याच्या नालेसारखं एक हाड असतं. त्याचा मधला तुकडा काढायचा आणि वरपर्यंत सगळं उकरून काढायचं. आधी आम्हीही नुसती गाठ काढायचो. ती परत यायची. ही रीत नवी आहे."

"हाड काडल्यावर मला बोलाया यील?" हौसानं विचारलं.

"येईल की."

"मग ह्यास्नी इचारा, चालंल का."

त्यांनी खाली गळ्यात थायरॉईड जागेवर आहे का तेही नीट चाचपलं. एखाद्याची ग्रंथी खाली उतरलेलीच नसते, ती गाठच ग्रंथी असते. तशी काढली तर माणूस सुजतं, मंद होतं. हौसाची जागेवर होती. पिकलेल्यावर ऑपरेशन करायचं नाही, म्हणून दीड महिना गरम पाण्यानं शेकायला सांगितलं.

घरी येऊन मी आईला म्हटलं, "लागट न्हाई."

आई म्हणाली, "तूच म्हनला व्हतास. आता बरी झाल्याबिगर पोरगी तिच्याजवळ धाडनार न्हाई."

ताट वेगळंच राहिलं.

ऑपरेशनच्या दिवशी टेबलावर घ्यायच्या आधी साहेब म्हणाले, गळ्यातलं काढा. हौसा उठून बसली. "डोरलं काडनार न्हाई. धनी हितं हुबा हाय."

"बाई, मी कापणार कुठं?"

शेवटी ती मला म्हणाली, "मनगटात बांदा." मी बांधलं. माझे हात कापत होते. ती म्हणाली, "ह्याच हातानं कापता व्हय तुमी?"

दवाखान्याचे डॉक्टर क्लोरोफॉर्म देत होते. तारेच्या जाळीवर फडकं, त्यावर थेंब थेंब औषध. तिचा श्वास संथ झाला. साहेबांनी भोकातून निळं औषध आत सोडलं, म्हणजे वाट रंगते आणि कुठवर जाते ते दिसतं. मग भोकाभोवती आडवं कापलं. निळी दोरी वर वर जात होती. हाडापाशी कात्री लावली. कट् आवाज आला, परत एकदा आला. हाडाचा मधला तुकडा सुटला.

"म्हादू, तोंडात बोट घाल," साहेब म्हणाले. "जिभेच्या मुळाशी. तिथून माझ्याकडं दाब, म्हणजे बिळाचं टोक मला दिसेल. माझी कात्री बोटाला जाणवेल. बोट हलवायचं नाही."

बोट आत म्हणजे क्लोरोफॉर्मची जाळी बाजूला. जास्त दिलेलं असलं तर श्वास थांबणार, कमी दिलेलं असलं तर पेशंट जागं होणार. मी बोट घातलं. जीभ गरम होती. दाबलं. तेवढ्यात जखमेतलं रक्त काळं दिसायला लागलं.

डॉक्टर म्हणाले, "श्वास नाही."

साहेबांनी हात बाहेर काढले. मी बोट काढून चिमट्यानं तिची जीभ ओढली, जबडा पुढं धरला. डॉक्टर बरगड्या दाबायला लागले. ओठ निळे पडले. माझ्या डोळ्यांसमोर तिचं मनगट होतं, त्यातले काळे मणी. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग ती खोकली. ओठ हळूहळू लाल झाले.

"बोट परत घाल," साहेब म्हणाले.

"सायब, ऱ्हाऊ द्या. हाय तेवढं बास."

"अर्धं बीळ ठेवू? परत फुटेल. परत हे सगळं. तू नवरा आहेस, तूच सांग."

सांगायला वेळ नव्हता. मला ते वेगळं ताट दिसलं. मी बोट घातलं आणि दाबलं. कात्रीचं टोक मांसापलीकडून बोटाला लागलं, एकदा, दोनदा. मी हललो नाही. मग साहेबांनी चिमट्यात धरून बाहेर काढलं. बोटभर लांब, मध्ये हाडाचा तुकडा, वरचं टोक निळं. "संपलं," म्हणाले. टाके घातले, रक्त बाहेर यायला रबराची बारीक पट्टी ठेवली.

शुद्धीवर आल्यावर तिनं आधी मनगट चाचपलं. दुसऱ्या दिवशी पाणी गिळलं. बारा दिवसांनी घरी आली. आल्या आल्या तिनं आपलं ताट उचललं आणि सगळ्यांच्या ताटांच्या चळतीत मधोमध खुपसलं. आईनं ते बघितलं. थोड्या वेळानं म्हणाली, "सुंदरा, जा आईपाशी." गाठ परत कधीच आली नाही.

नोकरी राहिली. साहेबांनी लँसेट माझ्या हातात देऊन एवढंच सांगितलं, "हात चांगला आहे. आधी तोंड वापरत जा." तेव्हापासून दवाखान्यात विचारल्याशिवाय पातं धरलं नाही. पेन्शनीत निघाल्यावर ओट्यावर गळवं बघायचो. मानेवरच्या प्रत्येकाला, मग तो कुणी का असेना, आधी जीभ काढायला लावायचो. हौसा शेजारी उभी राहून म्हणायची, "काड बाबा, मी बी काडलीया."

ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, शेजारच्या पाटणचा एक शेतकरी आला. हनुवटीखाली जरा डावीकडं लाल गाठ. त्याला आमच्याकडं काय झालंय हे ठाऊक नव्हतं. दारात माणसं बघून मागं फिरायला लागला. माझा मुलगा म्हणाला, "आबा, सुतक हाय. लोनावळ्याला जाऊ द्या त्याला."

मी म्हटलं, "पुवाला सुतक कळत न्हाई. बस रं. जीभ काड."

त्यानं भेटायला आलेल्या माणसांकडं बघितलं आणि लाजून जीभ काढली. गाठ हलली नाही. बाजूला होती, साधं गळू. मी आत गेलो. चूल पेटवायची नव्हती, मी पेटवली. पितळी पातेलं सापडेना. हुडकलं तर ताटांच्या चळतीमागं होतं. पाणी ठेवलं, लँसेट उकळलं, गळू फोडलं. पट्टीचं टोक धरायला कुणी नव्हतं. त्यालाच म्हटलं, धर.